तेलाचे उत्पन्न, लाभांश आणि कर : अलास्का राज्याचा अनुभव

१. प्रास्ताविक

प्रगतिशील, प्रमाणशीर आणि प्रतिगामी करांची ओळख आपल्याला झालेली आहे. तो विचार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली होती. ती म्हणजे, राज्यकारभारासाठी लागणारा पैसा सरकार जनतेकडून कररूपाने गोळा करते. अमेरिकेतील अलास्का या राज्यात मात्र १९८० पासून व्यक्तींच्या उत्पन्नावर राज्याचा प्राप्तिकर नाही. तेथे राज्यव्यापी विक्रीकरही नाही. काही स्थानिक संस्था तेवढ्या मालमत्ताकर व विक्रीकर आकारतात. उलट १९८२ पासून राज्य सरकारच दरवर्षी रहिवाशांना रोख रक्कम देत आले आहे. ही व्यवस्था कशी उभी राहिली, ती अडचणीत का आली आणि त्या अडचणीचा भार कोणावर पडतो, हे आता पाहू.

२. कायम निधीची स्थापना

अलास्काला १९५९ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. १९६८ मध्ये उत्तर किनाऱ्यावरील प्रुडो बे येथे प्रचंड तेलसाठा सापडला. पुढच्याच वर्षी तेलक्षेत्रांच्या भाडेपट्ट्यांच्या लिलावातून राज्याला सुमारे ९० कोटी डॉलर मिळाले; परंतु ही रक्कम काही वर्षांतच खर्च झाली. तेल एकदाच निघते, मग पुढच्या पिढ्यांसाठी काय उरणार, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. १९७६ मध्ये मतदारांनी राज्यघटनेतील दुरुस्तीला मान्यता दिली. तिच्यानुसार खनिजांवरील स्वामित्वधन व तत्सम उत्पन्नाचा किमान २५ टक्के भाग ‘कायम निधी’त जमा करणे बंधनकारक झाले. या निधीचे मुद्दल खर्च करता येत नाही; गुंतवणुकीवरील उत्पन्न मात्र विधिमंडळाच्या मंजुरीने वापरता येते.

१९७७ मध्ये सुमारे १,३०० किलोमीटर लांबीच्या नळवाहिनीतून तेल वाल्डीझ बंदराकडे वाहू लागले आणि राज्याची तिजोरी भरली. १९८० मध्ये प्राप्तिकर रद्द झाला. तत्कालीन गव्हर्नर जे हॅमंड यांनी त्यास नाखुशीनेच संमती दिली होती. (अमेरिकेतील गव्हर्नर हा लोकनिर्वाचित कार्यकारी प्रमुख असतो, आपल्याकडील राज्यपालपदाशी त्याची गल्लत करू नये.) जो कर भरतो, तो सरकारी खर्चावर लक्ष ठेवतो, करच नसेल तर ही जागरूकता ओसरते, असा या निर्णयावरील महत्त्वाचा आक्षेप होता.

३. लाभांशाचे स्वरूप

निधीच्या उत्पन्नातून रहिवाशांना लाभांश देण्यामागे हॅमंड यांची भूमिका स्पष्ट होती. प्रत्येकाचा त्यात वाटा असेल, तर लोकच निधीचे राखणदार होतील. मूळ कायद्यात वास्तव्याच्या प्रत्येक वर्षामागे ५० डॉलर देण्याची तरतूद होती. जुन्या रहिवाशांना अधिक आणि नव्यांना कमी देणारा हा भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवला. त्यानंतर सर्वांना समान रक्कम देण्याची पद्धत आली. त्याच वर्षी पहिला, १,००० डॉलरचा लाभांश वाटण्यात आला. पात्रतेसाठी मागील संपूर्ण वर्षाचे वास्तव्य आणि पुढेही तेथेच राहण्याचा हेतू आवश्यक असतो. लहान मुलांनाही लाभांश मिळतो.

लोक खरोखरच राखणदार झाले. निधीच्या उत्पन्नाचा काही भाग सरकारी खर्चासाठी वापरावा काय, असा कौल १९९९ मध्ये घेतला असता सुमारे ८३ टक्के मतदारांनी नकार दिला.

४. अर्थसंकल्पातील पेच

१९८८ मध्ये नळवाहिनीतून दररोज सुमारे २० लाख बॅरल तेल वाहत होते. अलीकडे हे प्रमाण पाच लाख बॅरलच्याही खाली आले आहे. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, तेव्हा तूट भरून काढण्यासाठी राज्याला आपली शिल्लक उपसावी लागली. २०१६ मध्ये गव्हर्नर बिल वॉकर यांनी नकाराधिकार वापरून लाभांशाची तरतूद सुमारे निम्म्यावर आणली आणि प्रत्येकाच्या हाती १,०२२ डॉलर पडले. लाभांशासाठीही दरवर्षी विधिमंडळाची मंजुरी लागते आणि त्या तरतुदीला नकाराधिकार लागू होतो, असा निर्वाळा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.

२०१८ च्या कायद्याने निधीतून दरवर्षी किती रक्कम काढता येईल याची मर्यादा ठरली. आता ही मर्यादा निधीच्या पाच वर्षांच्या सरासरी बाजारमूल्याच्या ५ टक्के आहे. परंतु त्या रकमेतून सरकारी सेवांना किती आणि लाभांशाला किती, हे कायद्याने ठरवले नाही. एकाच ताटातले हे दोन वाटेकरी असल्यामुळे दरवर्षी वाद होतो. २०२२ मध्ये लाभांश ऊर्जा-साहाय्यासह ३,२८४ डॉलर होता. २०२५ मध्ये तो १,००० डॉलरवर आला. पूर्ण लाभांशाचे आश्वासन देऊन निवडून आलेले गव्हर्नर माइक डनलेव्ही यांनी २०१९ मध्ये विद्यापीठाच्या अनुदानासह अनेक बाबींवर मोठी कपात केली. तीव्र विरोधानंतर त्यांना काही अंशी माघार घ्यावी लागली.

५. लाभांशातील कपात हा कर आहे काय?

कायद्याच्या दृष्टीने तो कर नाही. परंतु त्याचा परिणाम कसा होतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने तपासू. समजा, दरडोई लाभांश १,००० डॉलरने कमी केला. चार जणांच्या कुटुंबाचे ४,००० डॉलर गेले. त्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ४० हजार डॉलर असेल, तर हा भार १० टक्के होतो. उत्पन्न ४ लाख डॉलर असेल, तर केवळ १ टक्का. शिवाय लाभांशावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर लागतो. त्यामुळे श्रीमंत कुटुंबाच्या ४,००० डॉलरपैकी बराच भाग तसाही करात गेला असता. त्याचे प्रत्यक्ष नुकसान आणखी कमी. म्हणजेच ही कपात डोईपट्टीसारखी, अत्यंत प्रतिगामी ठरते. रस्त्यांनी न जोडलेल्या दुर्गम खेड्यांत शिकार व मासेमारीतून अन्न मिळते, पण इंधनासाठी रोख पैसा लागतो. तेथे हा फरक अधिक जाणवतो.

याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. शाळा, रस्ते आणि पोलीस यांना निधी अपुरा पडत असताना सधन कुटुंबांनाही धनादेश पाठवणे कितपत योग्य, असा प्रश्न कपातीचे समर्थक विचारतात. प्राप्तिकर लावल्यास भार उत्पन्नाच्या प्रमाणात पडेल. बाहेरून येऊन तेलक्षेत्रात व मासेमारीत कमावणाऱ्यांकडूनही वाटा मिळेल. मात्र त्याला राजकीय विरोध मोठा आहे. विक्रीकराचा बोजा आधीच महाग वस्तू घेणाऱ्या खेड्यांवर पडेल. मोठ्या तेलक्षेत्रांवरील कर वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२० मध्ये फेटाळला. करांअभावी आणखी एक विसंगती निर्माण होते : नवा उद्योग आला, लोकसंख्या वाढली, की सेवांचा खर्च वाढतो, परंतु नव्या रोजगारातून राज्याच्या तिजोरीत फारशी भर पडत नाही.

६. समारोप

‘कर नाही’ याचा अर्थ ‘भार नाही’ असा होत नाही, हे या अनुभवाचे सार आहे. कर लावायचा नाही असे ठरवले, की तूट सेवांमधून किंवा लाभांशातून भरली जाते आणि ती कोणाच्या खिशातून जाते हे सहज दिसत नाही. खनिजसंपत्ती आणि भावी पिढ्यांचा हक्क हा विषय आपल्याही जवळचा आहे. २०१४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीमूल्याचा १० टक्के भाग कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. असा निधी उभारणे ही पहिली पायरी होय. त्याचे उत्पन्न कोणासाठी वापरायचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

आपली प्रगती तपासा

१. कायम निधीचे मुद्दल आणि उत्पन्न यांच्या वापरात कोणता फरक आहे?
२. लाभांशातील सरसकट कपात प्रतिगामी का ठरते? स्वतःचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.
३. प्राप्तिकर, विक्रीकर आणि लाभांशकपात यांपैकी कोणता मार्ग आपण सुचवाल? कारणे द्या.