टर्बोचार्ज्ड डिझेल इंजिनाची विश्वासार्हता व सामान्य दोष : १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाच्या विशेष संदर्भात

गोषवारा

भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक परिचित झालेल्या लहान डिझेल इंजिनांमध्ये फियाट कंपनीच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाचा समावेश होतो. प्रस्तुत लेखात या इंजिनाची रचना, त्याची विश्वासार्हता आणि त्यात वारंवार आढळणारे दोष यांचे विवेचन केले आहे. टर्बो, टायमिंग चेन, इंजेक्टर व ई.जी.आर. व्हॉल्व्ह यांचे दोष वरवर स्वतंत्र दिसत असले तरी त्यांतील बहुतेकांचे मूळ इंजिन ऑइल, इंधन व हवा यांच्या शुद्धतेत आणि वाहन चालविण्याच्या पद्धतीत असते, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

बीजसंज्ञा : टर्बोचार्जर, कॉमन रेल, इंजिन ऑइल, टायमिंग चेन, इंजेक्टर, विश्वासार्हता.

प्रस्तावना

जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये आपले इंजिन यशस्वीरीत्या चालवून दाखविले. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या कल्पनेचे पेटंट मिळविले. तथापि या दोहोंचा संगम प्रवासी मोटारीत होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी मर्सिडीज-बेंझने टर्बो डिझेल मोटार बाजारात आणली. पुढे १९९७ मध्ये आल्फा रोमिओ १५६ या मोटारीत कॉमन रेल पद्धतीचा प्रथम वापर झाला आणि गोंगाट करणारे, धूर ओकणारे इंजिन ही डिझेलची प्रतिमा बदलू लागली.

याच परंपरेत फियाट व जनरल मोटर्स यांच्या संयुक्त उपक्रमातून २००३ मध्ये १.३ लिटर मल्टिजेट इंजिन युरोपात आले. भारतात २००७ पासून मारुती स्विफ्टमध्ये आणि पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, विटारा ब्रेझा या गाड्यांत, टाटांच्या इंडिका व्हिस्टा, मांझा व झेस्टमध्ये, तसेच फियाटच्या पुंटो व लिनिआमध्ये ते बसविले गेले. मारुतीने त्यास डीडीआयएस, तर टाटांनी क्वाड्राजेट हे नाव दिले. एकच इंजिन इतक्या कंपन्यांनी वापरल्यामुळे वाहनविषयक नियतकालिकांत त्यास 'भारताचे राष्ट्रीय इंजिन' असे गमतीने म्हटले जाई. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव व हरियाणातील मानेसर येथे त्याचे उत्पादन होत असे. जानेवारी २०१२ मध्ये झालेल्या करारानुसार रांजणगावची इंजिने मारुतीलाही पुरविली जाऊ लागली.

भारत स्टेज ६ ही प्रदूषणमर्यादा १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. तिला अनुरूप बदल करणे लहान डिझेल इंजिनाच्या बाबतीत परवडणारे नसल्याने भारतातील या इंजिनाचा प्रवास थांबला. आज ते नव्या मोटारीत मिळत नाही. मात्र सेकंडहँड बाजारात आणि टॅक्सीच्या धंद्यात या गाड्या अद्याप मोठ्या संख्येने आहेत. ज्या कुटुंबाचा चरितार्थ एका डिझायरवर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने टर्बो किंवा टायमिंग चेन निकामी होणे म्हणजे गाडी गॅरेजमध्ये उभी राहणे आणि त्याच वेळी कर्जाचा हप्ता चुकणे होय. म्हणूनच हा विषय केवळ यंत्रशास्त्रापुरता मर्यादित राहत नाही.

इंजिनाची रचना

या इंजिनात चार सिलिंडर व सोळा व्हॉल्व्ह असून त्याचे आकारमान १२४८ घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर, तर पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर आहे. धाव व्यासापेक्षा लांब असल्याने कमी फेऱ्यांवरही ओढ मिळण्यास मदत होते. भारतात हे इंजिन मुख्यतः दोन रूपांत उपलब्ध होते. ७५ अश्वशक्तीच्या रूपात साधा, स्थिर पात्यांचा टर्बो असे व १९० न्यूटन-मीटर घूर्णबल मिळे. ९० अश्वशक्तीच्या रूपात पात्यांचा कोन बदलणारा टर्बो असे व घूर्णबल २०० न्यूटन-मीटर होते.

टर्बोचार्जरचे कार्य समजण्यास सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारे तप्त वायू एक चाक फिरवितात. त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये पाठविते. जास्त हवा मिळाल्याने जास्त इंधन पूर्णपणे जळू शकते. लहान टर्बोचा हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या घेऊ शकतो. इतक्या वेगाने फिरणारा दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा केवळ एक पातळ थर असतो. दांड्याला तोलून धरण्याचे आणि थंड ठेवण्याचे काम तोच थर करतो.

'मल्टिजेट' या नावाचा संबंध इंधन फवारणीशी आहे. उच्च दाबाचा पंप १४०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने डिझेल एका सामायिक नळीत साठवितो आणि संगणक-नियंत्रित इंजेक्टर ते एका चक्रात पाच वेळांपर्यंत विभागून फवारू शकतात. मुख्य फवारणीपूर्वीच्या लहान फवाऱ्यांमुळे ज्वलन हळुवार सुरू होते व इंजिनाचा खडखडाट कमी होतो.

विश्वासार्हतेचा अर्थ

अभियांत्रिकीत विश्वासार्हता म्हणजे एखाद्या वस्तूने ठरावीक परिस्थितीत, ठरावीक कालावधीपर्यंत आपले काम बिनचूक करण्याची संभाव्यता. या व्याख्येतील 'ठरावीक परिस्थितीत' हे शब्द सामान्यतः दुर्लक्षिले जातात. 'हे इंजिन चांगले की वाईट' असा प्रश्न विचारताना ते कोणत्या ऑइलवर, कोणत्या इंधनावर आणि कोणत्या रस्त्यावर चालले हे विचारले जात नाही. या इंजिनाच्या काही गाड्या दोन-तीन लाख किलोमीटर मोठ्या दुरुस्तीवाचून चालल्या, तर काहींची टायमिंग चेन लाखाच्या आसपास बदलावी लागली. मूळ रचना एकच असल्याने या फरकाचा शोध प्रामुख्याने वापराच्या परिस्थितीत घ्यावा लागतो.

प्रमुख दोष व त्यांची कारणे

१) टायमिंग चेन सैल होणे : या इंजिनात क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांना रबरी पट्ट्याऐवजी साखळी जोडते. साखळी जन्मभर टिकते असा समज रूढ आहे, पण तो निरपवाद नाही. साखळीतील पिना व कड्या झिजून तिची लांबी वाढते. ही वाढ भरून काढणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. डिझेलच्या ज्वलनातील काजळी ऑइलमध्ये मिसळते व ते वेळेवर न बदलल्यास झिजेचा वेग वाढतो. ऑइलची पातळी घटली तर टेन्शनरची पकडही कमी होते. सकाळी इंजिन सुरू करताना काही क्षण येणारा साखळीचा खळखळाट ही पहिली सूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास साखळी दाता सोडते, व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळतात, रॉकर आर्म तुटतात आणि संपूर्ण हेड उघडण्याची वेळ येते.

२) टर्बो निकामी होणे : 'टर्बो गेला' हे निदान गॅरेजमध्ये सर्रास केले जाते. बेअरिंगला स्वच्छ ऑइल पुरेसे न मिळणे हे त्याचे प्रमुख कारण आहे. थंड इंजिन सुरू करताच ॲक्सिलरेटर दाबल्यास ऑइल पोहोचण्यापूर्वीच दांडा वेग घेतो. याउलट घाट चढून आल्यावर किंवा महामार्गावरील दीर्घ धावेनंतर इंजिन तत्काळ बंद केल्यास तप्त टर्बोतील ऑइल जागच्या जागी करपते व ऑइलच्या बारीक नळीत कार्बनचे थर साचतात. अशा वेळी नळी न बदलता केवळ नवा टर्बो बसविला तर तोही लवकरच निकामी होतो. निळसर धूर व ऑइल वारंवार कमी होणे ही टर्बोच्या झिजेची संभाव्य लक्षणे आहेत. क्वचित प्रसंगी टर्बोतून गळणारे ऑइल हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये जाते आणि इंजिन त्यावरच अनियंत्रित वेगाने धावू लागते.

तथापि ओढ कमी होणे व काळा धूर येणे ही लक्षणे टर्बोखेरीज अन्य कारणांनीही दिसतात. दाबाखालील हवा नेणारा रबरी पाइप फाटला, क्लिप सैल झाली किंवा एअर फिल्टर धुळीने भरला तरी हाच परिणाम होतो. टर्बो बदलण्यापूर्वी या स्वस्त तपासण्या करणे आवश्यक आहे.

३) इंजेक्टर व इंधन पंपाचे दोष : कॉमन रेल प्रणालीतील भागांमधील अंतर काही मायक्रॉन इतकेच असते आणि या भागांचे वंगण डिझेलच करते. डिझेलमध्ये पाणी अथवा रॉकेल मिसळले असल्यास हे वंगण अपुरे पडते. आपल्या राज्यात इंधनभेसळीचा प्रश्न किती गंभीर होता, याची साक्ष जानेवारी २०११ मधील मनमाडजवळची घटना देते. भेसळ करणाऱ्यांना रोखू पाहणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे जिवंत जाळण्यात आले. इंधनाच्या दर्जाबाबत पुढे सुधारणा झाली. भारत स्टेज ४ चे डिझेल २०१७ मध्ये व भारत स्टेज ६ चे डिझेल २०२० मध्ये देशभर उपलब्ध झाले आणि गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आले. तरीही पावसाळ्यात टाकीत साचणारे पाणी आणि मुदत संपलेला डिझेल फिल्टर ही कारणे आजही कायम आहेत. सुरू होण्यास विलंब, थंड इंजिनाचा पांढरा धूर व आयडलिंगला थरथर ही इंजेक्टर बिघडल्याची लक्षणे असू शकतात. चारही इंजेक्टरमधून परत जाणारे डिझेल मोजल्यास सदोष इंजेक्टर ओळखता येतो व चारही बदलण्याचा खर्च टळतो.

४) ई.जी.आर. व्हॉल्व्ह तुंबणे : नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण घटविण्यासाठी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडला जातो. या धुरातील काजळी व ऑइलची वाफ एकत्र येऊन डांबरासारखा थर तयार होतो. शहरातील कमी अंतराच्या, मंद गतीच्या वापरात हा थर लवकर साचतो. अनेक ठिकाणी हा मार्ग पत्रा लावून कायमचा बंद केला जातो. ओढीत फरक जाणवला तरी त्यामुळे विषारी वायू वाढतात. डिझेल वाहनाच्या पी.यू.सी. तपासणीत धुराची घनता मोजली जात असल्याने हा अपाय तेथे उघड होत नाही. व्हॉल्व्ह काढून साफ करणे हाच योग्य उपाय होय.

युरोपातील अनुभवाशी तुलना

युरोपात या इंजिनाच्या पुढील आवृत्त्यांत काजळी अडविणारा डी.पी.एफ. हा फिल्टर बसविण्यात आला. साचलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारते. छोट्या प्रवासांमुळे ही क्रिया अर्धवट राहिली की न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते व ऑइल पातळ होते. तेथे ऑइल बदलण्याची मुदत ३०,००० किलोमीटरपर्यंत ठेवलेली होती. परिणामी कमी धावलेल्या, शहरात वापरलेल्या गाड्यांतही साखळी व टर्बोच्या तक्रारी उद्भवल्या. भारतातील भारत स्टेज ३ व ४ च्या बहुतांश गाड्यांत हा फिल्टर नव्हता व ऑइल बदलण्याची मुदत सामान्यतः १०,००० ते १५,००० किलोमीटर होती. येथे दोषांचे कारण धूळ, इंधन आणि मुदत टाळण्याची सवय यांत अधिक आढळते. इंजिन एकच असूनही परिस्थितीनुसार दोषांचा मार्ग बदलला, परंतु दोन्हीकडे पहिला आघात ऑइलवर झाला.

यामागे रचनेचेही एक कारण आहे. या लहान इंजिनात ऑइल केवळ तीन लिटरच्या आसपास असते. टर्बो, टेन्शनर, कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट यांची गरज तेवढ्याच ऑइलवर भागते. एक लिटर ऑइल कमी झाले तर एकतृतीयांश साठा गेला असे समजावे.

उपाययोजना

१. दर आठवड्यास, सपाट जागेवर, थंड इंजिनात डिपस्टिकने ऑइलची पातळी पाहावी.
२. उत्पादकाच्या पुस्तिकेतील प्रतीचेच ऑइल वापरावे. धुळीच्या रस्त्यावर किंवा सतत शहरात वापर असल्यास ते मुदतीपूर्वीच बदलावे.
३. एअर फिल्टर व डिझेल फिल्टर अस्सल दर्जाचे वापरावेत. डिझेल फिल्टरमध्ये साचलेले पाणी वेळोवेळी काढावे.
४. सुरू केल्यावर पहिले काही किलोमीटर संयमाने चालवावेत. दीर्घ धावेनंतर इंजिन अर्धा ते एक मिनिट आयडलिंगला ठेवून बंद करावे.
५. सेकंडहँड गाडी घेताना इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून ऐकावे, धुराचा रंग पाहावा आणि ऑइल बदलल्याच्या नोंदी मागाव्यात. केवळ किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये.

समारोप

१.३ लिटर मल्टिजेट इंजिनाची मूळ रचना सक्षम होती, हे त्याच्या दीर्घ व व्यापक वापरावरून सिद्ध होते. मात्र साखळीचा टेन्शनर व ऑइलचा अल्प साठा या त्याच्या नाजूक बाजू होत आणि निष्काळजीपणास त्यात फारसा वाव नाही. उत्पादक, इंधनपुरवठादार, मेकॅनिक व चालक या चौघांत विश्वासार्हतेची जबाबदारी विभागलेली असते. उत्पादकाने आपला वाटा पूर्वीच उचलला असून नवे इंजिन आता येणार नाही. इंधनाचा दर्जाही सुधारला आहे. तेव्हा या गाड्यांचे उर्वरित आयुष्य मुख्यतः मेकॅनिकच्या अचूक निदानावर आणि मालकाच्या नियमित देखभालीवर अवलंबून राहील. वेळेवर बदललेल्या तीन लिटर ऑइलचा खर्च टर्बो किंवा हेडच्या दुरुस्तीच्या तुलनेत अत्यल्प असतो, हा हिशेब प्रत्येक वाहनधारकाने, विशेषतः ज्याची उपजीविका गाडीवर आहे त्याने, ध्यानात ठेवणे हिताचे ठरेल.