जळाऊ लाकूड फोडण्याचे यंत्र : निवड व वापर

बाभळीचा ओंडका पुरता वाळला म्हणजे कुऱ्हाडीस दाद देत नाही. म्हणून तो ओला असतानाच फोडावा. एका घराच्या सरपणास घण व पोलादी पाचर पुरेशी होते. अनेक घरांचे सामाईक जळण किंवा लाकडाची वखार असेल, तरच हायड्रॉलिक यंत्राचा खर्च परवडतो.

दोन्ही हातांनी दांडे दाबल्याशिवाय जे चालत नाही, असेच यंत्र निवडावे. एकाने ओंडका धरावयाचा व दुसऱ्याने यंत्र चालवावयाचे, ही रीत घातक होय. तिच्यापायी बोटे जातात. लाकूड ठेवणारा व दांडे दाबणारा माणूस एकच असावा.

ढलप्या जमिनीपासून वीतभर उंच, वारा खेळेल अशा रचाव्यात. ओल २० टक्क्यांखाली आली, म्हणजे जळण कमी लागते व चुलीचा धूरही घटतो.