नोंदणी आहे, पण मुभा कोणी दिली?

डॉक्टरचा नोंदणी क्रमांक एकाच प्रश्नाचे उत्तर देतो : या माणसाला वैद्यकीय व्यवसाय करता येतो का? पण याच रुग्णालयात, इथल्या अतिदक्षता विभागाच्या ताकदीवर, ही विशिष्ट शस्त्रक्रिया त्याने करावी का, हे त्या क्रमांकावरून कळत नाही. त्यासाठी रुग्णालयाने दोन कामे करायची असतात. पदव्या, अनुभव आणि आधीच्या नोकरीतली कारवाई मूळ कागदांवरून पडताळायची, हे क्रेडेन्शियलिंग. मग त्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या समितीने, कोणत्या उपचारांची मुभा द्यायची आणि कोणत्या उपचारांची नाही, हे लिहून ठरवायचे, हे प्रिव्हिलेजिंग. बोगस पदवी सापडली की गाजावाजा होतो, म्हणून पहिले काम सर्वांना ठाऊक असते. दुसरे काम मात्र गुपचूप राहून जाते. ते झाले की नाही हे बाहेरून कोणी विचारत नसेल, तर नियम कितीही चांगला असला तरी तो फायलीतच राहतो, असे माझे ठाम मत आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यातल्या बंडाबर्ग गावचे सरकारी रुग्णालय याचा पुरावा आहे. गुजरातेत शिकून अमेरिकेत गेलेले सर्जन जयंत पटेल तिथे एप्रिल 2003 मध्ये रुजू झाले आणि थोड्याच काळात शल्यविभागाचे प्रमुख झाले. ओरेगन राज्याच्या वैद्यकीय मंडळाने 2000 मध्ये त्यांना यकृत आणि स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया करण्यास मनाई केली होती आणि 2001 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कचा परवाना सोडला होता. क्वीन्सलँडच्या मंडळाकडे आलेल्या ओरेगनच्या दाखल्यावर ‘जाहीर आदेश फायलीत आहे’ अशी नोंद होती. तो आदेश मात्र दाखल्यासोबत नव्हता, आणि तो कुठे आहे हे कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी, एप्रिल 2005 मध्ये, एका पत्रकाराने पटेल यांचे नाव गुगलवर टाकले आणि सगळे समोर आले.

ही गोष्ट सहसा त्या दाखल्यापाशी थांबते. मला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याचे प्रिव्हिलेजिंगचे धोरण तेव्हा लागू होते. पण शल्यचिकित्सकांच्या संघटनेकडून समितीसाठी प्रतिनिधी मिळेना, म्हणून पटेल यांच्यासाठी समिती बसलीच नाही आणि काम मात्र चालू राहिले. रुजू झाल्याला दोन महिने व्हायच्या आतच, मे 2003 मध्ये, त्यांनी एका रुग्णाची अन्ननलिका काढण्याची शस्त्रक्रिया केली. रुग्ण आधीच डायलिसिसवर होता आणि तो दोन दिवसांत दगावला. अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. तिथल्या अतिदक्षता विभागाची क्षमता मात्र एक-दोन दिवसांचीच होती. विभागाच्या प्रमुख परिचारिका टोनी हॉफमन हेच वारंवार सांगत राहिल्या आणि शेवटी त्यांना स्थानिक आमदाराकडे जावे लागले.

खोटे बोलणारा समितीलाही फसवेल, असा आक्षेप घेतला जातो. पडताळणीपुरता तो खरा आहे. नोंदणी आणि नोकरी फसवणुकीने मिळवल्याचा गुन्हा पटेल यांनी 2013 मध्ये कबूल केला. पण प्रिव्हिलेजिंगचा अर्धा प्रश्न रुग्णालयाबद्दल असतो. ‘अन्ननलिकेची शस्त्रक्रिया इथे करायची का?’ असे कोणी विचारले असते, तर उत्तर अतिदक्षता विभागातच मिळाले असते. त्यासाठी अर्जदाराच्या सचोटीची गरज नव्हती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : लहान गावात डॉक्टर मुळात मिळत नाही, त्यात चाळण्या लावल्या तर येणाराही येणार नाही. पण मुभा ठरवणे म्हणजे डॉक्टर नाकारणे नव्हे. हर्निया, अपेंडिक्स इथे करा. मोठी शस्त्रक्रिया लागणारा रुग्ण ब्रिस्बेनच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा, एवढेच ते सांगते. एकट्या पडलेल्या सर्जनलाही त्याचा आधारच होतो. आणि न्यायालयाने तर पटेल यांना सोडलेच ना, असेही विचारले जाते. मनुष्यवधाची 2010 मधली शिक्षा उच्च न्यायालयाने 2012 मध्ये रद्द केली, हे खरे आहे. पण खटला चालू असतानाच सरकार पक्षाने आपला रोख बदलून, शस्त्रक्रिया करण्याचा निर्णयच चुकीचा होता, यावर भर दिला होता. नेमका हाच निर्णय रुग्ण टेबलावर येण्याआधी समितीपुढे यायला हवा होता. गुन्हा झाला का, हे न्यायालय पाहते. रुग्णाला त्याच्या कितीतरी आधीचे संरक्षण लागते.

ऑस्ट्रेलियाने 2010 मध्ये देशभरासाठी एकच नोंदणी यंत्रणा उभारली. 2013 पासून डॉक्टरच्या कामाची कक्षा ठरवणे हा रुग्णालयाच्या सक्तीच्या मानांकनाचा भाग झाला, म्हणजे समिती बसते का हे तपासायला बाहेरचे लोक येतात. आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांत क्रेडेन्शियलिंग आणि प्रिव्हिलेजिंग ही दोन्ही कामे आहेत, पण ते मानांकन ऐच्छिक आहे. सरकारी रुग्णालयासाठी ते सक्तीचे करायला वेळ लागेल, खर्चही होईल. तोवर प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाने एवढे तरी करावे : कोणत्या सर्जनला इथे कोणत्या शस्त्रक्रियांची मुभा आहे, याची तारीख आणि सही असलेली यादी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरकडे द्यावी आणि तिची प्रत दरवर्षी जिल्ह्याबाहेरच्या अधिकाऱ्याने तपासावी. हॉफमन यांच्याकडे अनुभव होता, धाडस होते. बोट ठेवून दाखवायला असा एकही कागद नव्हता.