वाळवंट उष्णच असते का?

मे महिन्यातली दुपार. बोरगाव मेघेत एका शेतकऱ्याच्या ओसरीत बसलो होतो. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला. माठातले पाणी देता देता घरच्या बाई म्हणाल्या, "साहेब, असंच तापत राह्यलं तर आपल्या इकडं वाळवंट होते का जी?"

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू आणि उंट एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण ऊन किती तापते यावर वाळवंट ठरत नाही, पाऊस किती पडतो यावर ठरते. जिथे वर्षाला साधारण २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस, तो मुलूख वाळवंटी. वर्ध्याकडे सरासरीने हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. म्हणजे उन्हाळ्यात आपण जैसलमेरइतके भाजून निघालो तरी आपले वाळवंट नव्हे. उलट लडाखातले लेह थंडीत शून्याखाली २० अंशांपर्यंत गोठते, पण तिथे वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. ते खरे वाळवंट!

पाऊस न पडण्याची कारणे निरनिराळी, म्हणून वाळवंटांची हवाही निरनिराळी. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते, तिथेच पाऊस टाकते आणि कोरडी होऊन दूर उत्तरेला व दक्षिणेला खाली उतरते. उतरत्या हवेत ढग धरत नाही. आफ्रिकेतले सहारा मुख्यतः यामुळे झाले. आपले थारही उष्ण वाळवंटच. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. त्याच राजस्थानातल्या चुरूला हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली उतरतो. कारण सोपे आहे. ढग आणि हवेतला ओलावा हे रात्रीचे पांघरूण. ते नसले की दिवसभर तापलेली वाळू रात्री झपाट्याने निवते. आपल्याकडेही श्रावणातली ढगाळ रात्र उबदार असते आणि पौषातली निरभ्र रात्र हरभऱ्याला गारठवते, ते यामुळेच.

लेहचे कारण वेगळे. मोसमी वाऱ्यांचे पाणी हिमालयाच्या अलीकडेच पडून जाते. याचा लहान नमुना महाराष्ट्रात आहे. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका ५०० मिलिमीटरच्या आसपास पावसावर कसाबसा पिकतो. माण वाळवंट नाही, पण डोंगराआड राहण्याची शिक्षा तीच. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवरचा लेहचा शेतकरी जव आणि जर्दाळू पिकवतो तो बर्फ वितळून येणाऱ्या पाण्यावर. पेरणीच्या वेळी ते पाणी पुरत नाही म्हणून चेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच्या सावलीत अडवून गोठवले. वसंतात ते वितळून शेताला मिळू लागले. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली.

तिसरी तऱ्हा अजबच. दक्षिण अमेरिकेत चिली देशातले आटाकामा हे समुद्राला लागून असूनही कोरडे. किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यावरची हवा गार राहते, वर चढत नाही. धुके होते, पण पाऊस होत नाही. किनाऱ्यावरच्या अरिका गावी वर्षाची सरासरी एक मिलिमीटरही भरत नाही, तरी तिथली हवा सौम्य असते. चिलीत डोंगरांवर जाळ्या ताणून धुक्याचे पाणी गोळा केले गेले आहे. आणि दक्षिण ध्रुवाकडचे अंटार्क्टिका तर बर्फाने झाकलेले वाळवंट. हवा इतकी थंड की तिच्यात वाफ मावतच नाही, मग हिम तरी कुठून पडणार?

वाळवंटात पाऊस पडतो तेव्हा मात्र हिशेब ठेवून पडत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरला वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस दोन-चार दिवसांतच झाला आणि कवास गाव बुडाले. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला एका रात्रीच्या पावसाने मातीची घरे वाहून गेली, दोनशेहून अधिक माणसे दगावली. तिथली धाब्याची घरे अशा पावसासाठी बांधलेलीच नसतात.

मला सर्वांत शिकण्याजोगी वाटते ती जैसलमेरची खडीन. खडकाळ उतारावरून येणारे पाणी खालच्या सखल शेतात लांब मातीचा बांध घालून अडवायचे, जादा पाण्याला सांडवा ठेवायचा, पाणी जिरू द्यायचे आणि वाफसा आला की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत काही शतकांपूर्वी बसवली. २०० मिलिमीटरहूनही कमी पावसात, विहिरीवाचून, रब्बी निघते. आपल्याकडे त्याच्या पाचपट पाऊस पडतो, आणि पहिल्या जोराच्या सरीबरोबर वावरातली काळी माती नाल्यात जाते.

बाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि मालकांकडे वळून म्हणाल्या, "मंग आपल्या वावराचा फुटलेला धुरा कवा बांधता? मिरग तं आला."