कपाट आणण्याआधी मोबाईलमध्ये बघा, पण टेप सोडू नका

दुकानात बेताचं वाटणारं फर्निचर घरात आलं की अंगावर येतं. जुन्या नाशकात चौक मंडई, भद्रकालीच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. आम्हीही ईदच्या आधी साठवलेल्या पैशांतून मोठं कपाट घेतलं. भिंतीला ते बसलं खरं, पण अर्धी खिडकी झाकली गेली आणि पलंगापर्यंत जायला अंग चोरावं लागू लागलं. शेवटी ते निम्म्या किमतीत विकलं.

अशी फसगत टाळायला आता मोबाईलची मदत होते. या तंत्राला ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, थोडक्यात एआर म्हणतात. २०१६ मध्ये मुलांनी पोकेमॉन गो खेळताना रस्त्यावर प्राणी पाहिले, त्यातलाच हा प्रकार. २०१७ मध्ये आयकिया कंपनीने याच तंत्रावर फर्निचरचं अ‍ॅप आणलं. आता खरेदीच्या बऱ्याच अ‍ॅपवर वस्तू ‘आपल्या खोलीत बघा’ अशी सोय असते.

हे चालतं कसं? कॅमेरा सुरू करून मोबाईल हळूहळू फिरवायचा. फरशीच्या रेघा, भिंतीचे कोपरे, सामानाच्या कडा अशा खुणा अ‍ॅप टिपतं. मोबाईल किती सरकला, किती वळला हे आतले सेन्सर सांगतात. दोन्हींचा मेळ घालून जमीन कुठे आणि किती अंतरावर, याचा अंदाज बांधला जातो. मग कपाटाचं चित्र खऱ्या मापात तिथे उभं राहतं. आपण चालत बाजूला गेलो तर त्याची बाजू दिसते. खिडकी झाकते का, जायला वाट उरते का, पाहुणे आले तर बसायला जागा राहते का, हे पैसे देण्याआधीच कळतं.

पण यावर डोळे मिटून विसंबू नका. कोरी पांढरी भिंत, चकचकीत टाइल्स, आरसा किंवा अंधारी खोली असेल तर अ‍ॅप गोंधळतं. आयकियाने आपल्या अ‍ॅपची अचूकता ९८ टक्के सांगितली होती. ऐकायला छान वाटतं, पण दोन टक्के म्हणजे सहा फुटांच्या कपाटात जवळजवळ दीड इंच! तेवढ्यात दार अडतं. शिवाय मोबाईल खोली दाखवतो, जिना दाखवत नाही. वाड्याच्या अरुंद जिन्यातून, वळणावरून कपाट वर जाईल का, हे टेप लावूनच ठरतं. भिंतीला ओल आहे का, हे मिस्त्रीलाच कळतं.

म्हणून आम्ही आता तीन कामं करतो. आधी मोबाईलमध्ये वस्तू ठेवून घरातल्या सगळ्यांना दाखवतो. मग खोली, दार आणि जिना टेपने मोजतो. आणि तो फोटो मिस्त्रीला दाखवून त्याचं मत घेतो. ‘असं हवंय’ म्हणून हातवारे करण्यापेक्षा चित्र बरं. त्याचाही वेळ वाचतो.

एक काळजी मात्र घ्या. कॅमेरा आपल्या घरात फिरणार आहे. घरातल्या बायकांना आधी सांगा, कागदपत्रं उचलून ठेवा. कॅमेऱ्याची परवानगी ‘अ‍ॅप वापरताना’ एवढीच द्या आणि काम झालं की काढून टाका.

कपाट रोज रोज घेतलं जात नाही. दहा मिनिटं मोबाईलला आणि दहा मिनिटं टेपला दिली, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.