तारुण्यपीटिका आणि रेटिनॉइडची मलमे

वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी चेहऱ्यावर उमटणाऱ्या तारुण्यपीटिकांना ‘उष्णता’ हे एकच कारण सांगून सब्जाचे पाणी, चंदनाचा लेप आणि मुलतानी माती यांवर सारा मामला सोपविण्याची आपली रीत जुनी आहे, आणि ज्या सोलापुरात वैशाखात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो तेथे तर या निदानाला कोणी हरकतच घेत नाही. वस्तुतः व्याधीचे मूळ केसाभोवतीच्या सूक्ष्म नलिकेत असते: संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, नलिकेच्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी परस्परांना चिकटून तिचे मुख बंद करतात, आणि कोंडलेल्या तेलावर जिवाणू पोसून दाह उत्पन्न होतो.

पेशींच्या या चिकटण्यालाच प्रतिबंध करणारी औषधे म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कुळातील रेटिनॉइडची मलमे होत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांपैकी ट्रेटिनॉइनचा हा गुण १९६९ साली प्रसिद्ध केला. तुरुंगातील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा डाग मात्र क्लिगमन यांच्या कीर्तीवरून पुसला गेलेला नाही. पुढे त्वचेला अधिक सोसणारे, याच कुळातील अडापलीन आले.

रेटिनॉइडचा दोष म्हटला तर एवढाच की ते सावकाश चालते. गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. आरंभी कातडी सोलते, चुरचुरते, कित्येकदा मुरूम वाढल्यासारखेही भासतात, आणि नेमक्या याच सुमारास बहुतेक जण ते टाकून देतात. घाईने अधिक लावणेही घातकच, कारण आपल्या सावळ्या त्वचेवर दाह ओसरला तरी त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो. म्हणून आरंभी एक दिवसाआड, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर वाटाण्याएवढे मलम सर्वत्र पातळ पसरावे, केवळ पुटकुळीवर टेकवू नये, आणि दिवसा उन्हापासून त्वचा जपावी. गर्भवतीने ते वर्ज्य करावे.

खरा अनर्थ निराळाच आहे. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण वांगावर, तेही अल्प मुदतीसाठी, योजलेले असतानाही, ‘गोरे करणारी क्रीम’ म्हणून ते दुकानातून सर्रास नेले जाते; चार दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, तरी शेजारणीच्या सल्ल्याला चिठ्ठीची सक्ती लागू होत नाही.

सोलापूरकरांना तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले सर्वोपचार रुग्णालय गावातच आहे. ट्यूब विकत घेण्यापूर्वी तेथे, अथवा कोणत्याही त्वचारोगतज्ज्ञाकडे, चेहरा एकवार अवश्य दाखवावा.