मत घराचं की ज्याचं त्याचं?

मलकापूरच्या आमच्या घरात मत कुणाला द्यायचं ते अब्बा ठरवत. दादांच्या काळापासून पक्ष एकच. दुसऱ्याला मत देणं म्हणजे बेइमानी, असंच आम्ही भावंडं मानत आलो. कॉलेजात गेल्यावर वाचन वाढलं, पाण्याचे आणि रोजगाराचे प्रश्न कळू लागले आणि आमचं मत बदललं. मतदान गुप्त असतं. पण अब्बांपासून लपवणं जिवावर येत होतं.

तेव्हा मौलाना आझाद आठवले. पीरांच्या परंपरानिष्ठ घराण्यात ते वाढले. वारशाने आलेल्या समजुती त्यांनी तपासल्या आणि त्यांतून मोकळं झाल्याची खूण म्हणून ‘आझाद’ हे नाव घेतलं. 1912 मध्ये ‘अल-हिलाल’ काढून त्यांनी इंग्रजी सत्तेला विरोध केला. 1942 पासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदही भोगली.

आम्ही अब्बांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “द्या, पण विकू नका.”

मतदानाला आम्ही सोबतच गेलो. मतं वेगळी पडली. दुपारी दस्तरखान मात्र एकच होता.

1989 पासून अठराव्या वर्षी मताचा हक्क मिळतो. तो हक्क मुलामुलींचा आहे. त्यांचं ऐकून घेतल्याने थोरांचा मान कमी होत नाही.